अर्थहीन ठरवलेल्या श्रद्धेची तर्कशुद्ध तपासणी

श्रद्धेची विधाने तर्काच्या साधनांनी तपासणाऱ्या 'विश्लेषक ईश्वरविद्ये'ची ही गोष्ट. १९३६ साली ए. जे. एअर या तरुण इंग्रज तत्त्वज्ञाने 'ईश्वर आहे' हे विधान खरेही नाही नि खोटेही नाही, ते अर्थहीनच आहे, असा निकाल दिला. अनुभवाने पडताळता येत नाही ते निरर्थक, ही त्याची कसोटी. 'ईश्वर नाही' हे विधानही मग त्याच रांगेत गेले. पण ही कसोटी स्वतःलाच लावली तर टिकत नव्हती, आणि काही दशकांत तिचा दबदबा ओसरला.

माझ्या मते खरे वळण १९५५ चे. जे. एल. मॅकी या नास्तिक तत्त्वज्ञाने आरोपच बदलला: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे चांगला आहे आणि जगात दुष्टता आहे, या तीन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. विधाने परस्परविरोधी ठरवायची तर आधी त्यांना अर्थ आहे हे मान्य करावे लागते, आणि विसंगतीच्या आरोपाला उत्तरही देता येते. ते १९७४ मध्ये अमेरिकेच्या ॲल्विन प्लँटिंगा यांनी दिले. माणसे खरोखर स्वतंत्र असतील, तर ती कधीच वाईट वागणार नाहीत असे जग निर्माण करणे सर्वशक्तिमानाच्याही हाती नसेल. हे शक्य आहे एवढे दाखवले तरी विसंगतीचा आरोप गळतो. मात्र जगात इतके दुःख का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये तोच पुढे आणला: वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाच्या वेदनेतून कोणते भले साधते?

१९७८ मध्ये अमेरिकेत ख्रिस्ती तत्त्वज्ञांची संघटना उभी राहिली. मग तपासणी थेट ख्रिस्ती धर्माच्या सिद्धान्तांपर्यंत पोहोचली. त्रैक्याचेच, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर या सिद्धान्ताचेच पाहा. पिता ईश्वर आहे, पुत्र ईश्वर आहे, ईश्वर एकच आहे, तरी पिता म्हणजे पुत्र नव्हे. क आणि ख एकच, ख आणि ग एकच, तर क आणि ग एकच, हा नियम इथे अडतो. तत्त्वज्ञ पीटर गीच यांची वाट अशी की नुसते 'एकच' असे काही नसते; 'एकच काय?' हे सांगावे लागते. म्हणून पिता-पुत्र एकच ईश्वर, पण व्यक्ती वेगळ्या. युक्ती हुशार आहे, पण त्रैक्याबाहेर ती पटवणे जड जाते.

या साऱ्या कामाला 'विश्लेषक ईश्वरविद्या' हे नाव रूढ झाले ते ऑलिव्हर क्रिस्प आणि मायकेल रे यांनी २००९ मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहाने. इतिहास आणि उपासनेपासून तोडून सिद्धान्ताची नुसती विधाने उरतात, हा धर्मपंडितांचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण इ.स. ३२५ ची निकिया आणि ४५१ ची काल्सीदोन या ख्रिस्ती सिद्धान्त ठरवणाऱ्या परिषदांतले बिशपही नेमक्या शब्दांसाठीच झगडत होते.