अळूला लागणारं मे महिन्याचं ऊन

आमच्या न्हाणीघरामागे, जिथे सांडपाणी बारा महिने झिरपतं, तिथे अळूचा वाफा आहे. मृगाच्या चार सरी पडल्या की पानं हातभर होतात. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी मी घाईघाईने फदफदं केलं. कुकरची एक शिट्टी, वरून फोडणी, आणि आमसूल घालायचं राहून गेलं. पहिल्याच घासाला घशात कुसळं घुसल्यासारखं झालं. आजीने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आंबट नाय घातलंस, आणि शिजवलंसही नाय."

तिच्या दोन्ही तक्रारी किती नेमक्या होत्या, ते मला पुढे वाचताना कळलं.

अळूच्या पानात आणि देठात काही खास पेशी असतात. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या टोकदार स्फटिकांची जुडीच्या जुडी त्या पेशींत भरलेली असते. पान चावलं की पेशी फुटते आणि सुया तोंडाच्या, घशाच्या नाजूक त्वचेत घुसतात. म्हणजे 'कुसळं घुसली' हे नुसतं बोलणं नाही, खरोखर तेच घडतं. पण खाज एकट्या सुईची नसते. सुईच्या अंगावर प्रथिनं चिकटलेली असतात, ती त्या बारीक जखमेत उतरतात आणि आग होते. प्रयोगशाळेत सुया धुऊन ती प्रथिनं काढून टाकली, तर उरलेल्या सुया फारशा खाजत नाहीत.

आंबटाने सुया विरघळतात, असं घरोघरी सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही. त्याला तीव्र आम्ल लागतं, आणि आमटी-भाजीचं आंबट त्यामानाने फारच सौम्य. सुया बऱ्याचशा तशाच राहतात. बदलतं ते प्रथिन. भरपूर वेळ खदखदल्यावर प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याचा डंख जातो. सोबत आंबट असलं तर ही घडी लवकर मोडते. म्हणून मुख्य काम उकळीचं आणि आमसूल तिच्या मदतीला. माझ्या त्या फदफद्यात दोन्ही कमी पडलं होतं.

आता मला खरं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. अळू येतं आषाढ-श्रावणात. त्याला लागणारं आंबट मात्र मे महिन्यातलं असतं.

आमसूल म्हणजे रातांब्याची, कोकमाच्या फळाची, वाळवलेली साल. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, यांनाच भिरंड म्हणतात. झाडाखाली लालजांभळा सडा पडतो, पाट्या भरून अंगणात येतात आणि बायका फळं फोडायला बसतात. साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. गरात मीठ घालून ठेवलं की त्याला रस सुटतो. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात घालायच्या. याला पुटं देणं म्हणतात. पाच-सहा दिवस हे चालतं. साल प्रत्येक पुटाला थोडी आक्रसते, आणखी काळपट होते, चिकट चकाकते. बोटं आठवडाभर लाल राहतात.

शास्त्राच्या भाषेत इथे दोन कामं एकदम चालतात. ऊन पाणी काढतं, आणि पुट त्या रिकाम्या जागी आंबट आणि मीठ भरतं. कोकमाचं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. ते वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून साल जितकी सुकेल तितकी आंबट. (या आम्लाने वजन उतरतं म्हणून गोळ्या विकतात. त्या दाव्यांना पुरावा तोकडा आहे, आणि आमसुलाचं मोल त्यावर मुळीच अवलंबून नाही.)

मीठ करतं ते काम जास्त चिवट आहे. जंतूंना वाढायला नुसता ओलावा पुरत नाही, मोकळं पाणी लागतं, आणि मीठ ते पाणी धरून बसतं. शुद्ध पाण्याची उपलब्धता 1 धरली, तर मिठाच्या संपृक्त द्रावणात ती साधारण 0.75 इतकी उतरते. अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू 0.9च्या खाली तग धरत नाहीत. पावसाळ्यात हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं. म्हणूनच श्रावणात दादरा सोडून बरणीत हात घातला की आमसुलं ओलसर लागतात. ती बिघडलेली नसतात. तो ओलावाही खारा आणि आंबट असतो, आणि त्यात बुरशीलाही सहज थारा मिळत नाही.

या सगळ्याला मुदत असते ती पहिल्या पावसाची. वळवाने गाठलं की झाडावरची फळं गळून कुजतात आणि वाळवायला ऊन उरत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात दिली, तिचं मोठं कौतुक हेच की तिचा बहुतेक हंगाम पावसाआधी आटोपतो.

फदफद्यातल्या आठळ्याही मेच्याच. फणसाचं बी वाळवून टिकवता येत नाही. सुकलं की मरतं, फार ओल मिळाली की कोंब धरतं. मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्यांना या दोन्हींच्या मधली जागा मिळते. त्या कच्च्या खायच्या नाहीत. त्यांच्यातली काही प्रथिनं आपल्या पोटातल्या पाचकरसाला अडवतात, आणि त्यांनाही उकळीच लागते.

हंगामी खाणं म्हणजे आज बाजारात आलं ते खाणं, असा सुटसुटीत अर्थ हल्ली घेतला जातो. कोकणात तेवढ्याने भागत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, ऊन नाही, वाटा चिखलाच्या. अशा दिवसांत ताटात एक वाटा आजचा आणि एक वाटा दोन महिन्यांपूर्वी राखलेला असतो. सुकटीचंही तसंच. समुद्री माशाच्या अंगातल्या एका संयुगापासून जंतू ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात, आणि तोच तो उग्र वास. हे रसायन अल्कधर्मी असल्याने आमसूल पडलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं. ते हवेत उडत नाही, आणि वास बसतो.

उत्तर कोकणात, ठाणे-रायगडकडे, निसर्गाने खाजेला आंबट पुरवण्याचं काम आणखी सोपं केलं आहे. पहिल्या पावसात जंगलात शेवळं उगवतात. तीही सुरणाच्या कुळातली, तशीच खाजरी. बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची आंबट हिरवी फळं विकतात, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात. शेवळं घेणाऱ्याने काकडं विसरू नयेत.

एक काळजीची गोष्ट सांगायलाच हवी. अळूत पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही असतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. बाकीच्यांनीही पाणी बदलून, भरपूर शिजवून, आठवड्यातून एखाद्या वेळी खावं. पानातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला तेल किंवा खोबरं हवं, तेव्हा फोडणीत हात आखडू नये.

भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना उगवलेल्या भाज्या एकत्र शिजतात. त्यात अळू असतं, सुरण असतं, खाजरी मंडळी सगळी एकाच पातेल्यात. तोवर बरणीतल्या आमसुलांचा लाल रंग गेलेला असतो, ती पार काळी झालेली असतात. आजी त्यातली मूठभर काढायची, एक जिभेवर ठेवून बघायची आणि बाकीची पातेल्यात टाकून झाकण ठेवायची. ते झाकण ती बराच वेळ कोणाला उघडू द्यायची नाही.