केवडा आणि भुरी : द्राक्षवेलीवरचे दोन पांढरे रोग

कर्नाटकातल्या अथणी तालुक्याचा पूर्व भाग एकीकडे जतला आणि दुसरीकडे विजयपूर जिल्ह्यातील तिकोट्याला लागून आहे. तिथला मराठी द्राक्षबागायतदार घरात आणि बागेत मराठी बोलतो, पण सरकारी कृषिपत्रक त्याला बहुधा कन्नडमध्ये वाचावे लागते. आपण ज्याला केवडा किंवा सर्रास ‘डाऊनी’ म्हणतो, त्याला त्या पत्रकात ‘बूजु तुप्पट रोग’ असे नाव असते. आपली भुरी तिथे ‘बूदि रोग’ होते. बूजु म्हणजे बुरशी, तुप्पट म्हणजे लोकर आणि बूदि म्हणजे राख. कन्नड जाणणाऱ्याला ही नावे अगदी समर्पक वाटतील, पण घाईत ऐकणाऱ्या मराठी कानाला बूजु आणि बूदि यांतला फरक निसटतो. त्यातच दोन्ही रोग पानावर पांढरे दिसतात, त्यामुळे एकाचे औषध दुसऱ्यावर फवारले जाते.

केवड्याला कारणीभूत असलेला प्लास्मोपारा व्हिटिकोला हा जीव खऱ्या अर्थाने बुरशी नाही. तो ऊमायसिट गटातला असून बुरशीपेक्षा तपकिरी शैवालाला अधिक जवळचा आहे, आणि त्याच्या पेशीभित्तिकेत बुरशीतल्या कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकन असतात. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. पानावर पावसाचे किंवा दवाचे पाणी काही तास टिकले की ते पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. द्राक्षाच्या पानाला पर्णरंध्रे खालच्या बाजूलाच असल्यामुळे वरच्या बाजूला फक्त तेलकट, पिवळसर डाग दिसतो, आणि पांढरी लव त्याच डागाच्या बरोबर खाली, तीही दमट रात्रीनंतर, उगवते.

भुरीची बुरशी, म्हणजे एरिसायफी नेकेटर, नेमकी उलट वागते. तिच्या बीजाणूंना पाण्याचा थर लागत नाही. पानावर पाणी साचून राहिले तर ते मरूही शकतात. तिला हवामान लागते ते ढगाळ, दमट आणि सावलीचे, साधारण २० ते २७ अंश सेल्सिअस तापमानाचे. ती पानाच्या सालीतून थेट शिरते, पण फक्त सालीच्या पेशींतच मुळासारखे तंतू रोवते आणि बाकी सारा संसार पृष्ठभागावर मांडते. म्हणून तिची पावडर पानाच्या दोन्ही बाजूंना दिसते आणि अंगठ्याने पुसता येते. कोवळ्या मण्यावर ती आली, तर मण्याची साल मरते आणि वाढणे थांबवते; आतला गर मात्र वाढत राहतो, आणि शेवटी मणी तडकतो.

या दोन रोगांतले अंतर औषधाच्या इतिहासातही दिसते. भुरी १८४५ मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे एडवर्ड टकर या माळ्याच्या नजरेस पडली आणि १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये तिच्यावर गंधक वापरात आले. पुढे १८७८ च्या सुमारास केवडा अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला, तेव्हा तिथल्या बागायतदारांजवळचे गंधक त्याच्यापुढे निरुपयोगी ठरले. बोर्दोचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांनी १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये मेडॉक भागात पाहिले की, इतरत्र पाने गळून गेलेली असताना रस्त्याकडेच्या वेलींची पाने टिकून होती. द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडलेले होते. रसायनशास्त्रज्ञ उलिस गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ती कृती प्रसिद्ध केली, आणि तेच आपले बोर्डो मिश्रण. आपल्याकडच्या प्रत्येक द्राक्षबागायतदाराला हे नाव तोंडपाठ आहे, पण त्याच्यामागे एका शास्त्रज्ञाची रस्त्यावरून जातानाची नजर आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

आजच्या औषधांतही ही विभागणी कायम आहे. मेटॅलॅक्झिल केवड्यावर काम करते, भुरीवर नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी ट्रायझोल गटातील औषधे बुरशीच्या शरीरात स्टेरॉल (पेशीच्या आवरणाला लागणारा मेदासारखा पदार्थ) तयार होऊ देत नाहीत, म्हणून ती भुरीवर चालतात; केवड्याचा जीव स्टेरॉल स्वतः बनवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा परिणाम होत नाही. बाटलीवर ‘बुरशीनाशक’ एवढेच वाचून फवारणी करणे किती महागात पडते, ते यावरून समजेल.

वेळेचाही आधार घेता येतो. फळछाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर, परतीचा पाऊस आला, तर फुलोऱ्याच्या आधीचे दिवस केवड्याचे असतात, आणि त्यात घडच वाळून गेले तर तो हंगाम परत मिळत नाही. माझ्या मते दोहोंत हाच धोका मोठा. पाऊस थांबून ढगाळ थंडी सुरू झाली की भुरीचे दिवस येतात, विशेषतः बगलफूट (पानांच्या बगलेतून फुटणाऱ्या फांद्या) दाट राहून घडापर्यंत ऊन आणि फवारा पोहोचत नाही अशा बागेत. तिच्यावर गंधक आजही उपयोगी आहे, पण कडक उन्हात, पारा ३५ अंशांच्या आसपास असताना ते मारले तर पाने करपतात.

पानावर पिवळा डाग आहे, पण खाली लव दिसत नाही, अशा वेळी खात्री करण्याची एक साधी पद्धत आहे. ते पान ओल्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधून रात्रभर खोलीत अंधारात ठेवावे. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उगवलेली दिसली, तर तो केवडा होय.