समलिंगी असणं हे ‘श्रीमंतांचे चोचले’ आहेत का?

‘समलिंगी म्हणजे शहरातली, इंग्रजी बोलणारी, पैसेवाली माणसं, गरिबाघरी हे चोचले नसतात.’ हा मजकूर कितीतरी वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याला दिसतात ते बहुधा तसेच.

अमेरिकेत तर या समजाला आकड्यांचा आधार मिळाला. १९८०-९०च्या दशकांत समलिंगी वाचकांच्या नियतकालिकांमधून जाहिरातदारांसाठी उत्पन्नाच्या पाहण्या झाल्या. विचारलं कोणाला? अंक विकत घेणाऱ्यांना, म्हणजे बहुतेक शिकलेल्या, कमावत्या लोकांनाच! १९९५ साली सर्वसाधारण लोकसंख्येच्या नमुन्यावरून अभ्यास झाला, तेव्हा चित्र उलटलं. तेवढंच शिक्षण नि अनुभव असलेल्या इतर पुरुषांपेक्षा समलिंगी किंवा स्त्री-पुरुष दोन्हींकडे कल असलेल्या पुरुषांची कमाई ११ ते २७ टक्के कमी निघाली. (नंतरच्या अभ्यासांत हा फरक कमीजास्त झाला, हेही खरं.)

आपल्याकडे जनगणनेत लैंगिक कल विचारतच नाहीत. मग ‘गरिबांत नाहीत’ हे मोजलं कुणी? उघडपणे बोलायला स्वतःची खोली, स्वतःचा पगार लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असतील, तर गप्प राहणंच परवडतं. एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांना मात्र असे पुरुष मजुरांत, कारागिरांतही भेटत आलेत.

समलिंगींच्या कमाईचा असा आकडा पुढे आला की दोन गोष्टी बघा: माणसं कुठून निवडली, आणि उत्पन्न एकाचं की घराचं. दोघं पुरुष कमावत असतील, तर घराचा आकडा मोठा दिसणारच.