काकांना पालथं का झोपवलं?

मागच्या पावसाळ्यात आमचे काका इथल्याच, इंदूरच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत होते, फ्लूचा न्यूमोनिया झालेला. वय ६१, उंची पाच फूट पाच इंच, वजन ८८ किलो, पक्के रामबागेतले इंदुरी, सकाळी पोहे-जलेबी आणि त्यातही पोहे नावापुरते. चौथ्या दिवशी काकू भेटायला आत गेली आणि दोन मिनिटांत रडत बाहेर आली. म्हणे त्यांना पालथं घातलंय, तोंड खाली करून, नळ्या सगळ्या लोंबतायत, जिवंत माणसाला असं कोणी झोपवतं का. आमच्याकडे पालथं झोपलेलं चालत नाही, लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेत त्यासाठी, त्यामुळे काकूला ते सरळ अपशकुनच वाटलं. आणि गंमत बघा, तीच काकू आदल्या दिवशी खजराना गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून आली होती! तिथे नवस बोलताना उलटा काढायचा आणि काम झालं की सरळ काढायला जायचं अशी पद्धत आहे. म्हणजे स्वस्तिक उलटा चालतो, काका नाही.

डॉक्टर बिचारे घाईत होते, "याने ऑक्सिजन सुधारतो, दिवसातले सोळा तास ठेवणार" एवढं सांगून पळाले. मी भंवरकुव्याला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो, मेडिकलशी माझा संबंध बायोवाल्या सरांबरोबर चहा पिण्यापुरता. पण रात्री बाहेरच्या बाकावर बसून फोनवर वाचायला लागलो आणि हे तर आपलंच खातं निघालं. दाब, आकारमान, गुरुत्वाकर्षण, अकरावीचं फिजिक्स आहे हो नुसतं.

आधी एक गैरसमज. "व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं", आणि याचाच भाऊ "मेलेल्याला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात". आयसीयूच्या बाहेर दर दहा मिनिटांनी कोणीतरी हे बोलतंच. व्हेंटिलेटर कुठून आला ते माहीत असतं तर कदाचित बोलले नसते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट रोज यायला लागले आणि तिथल्या ब्लेगडम हॉस्पिटलात मोठा आयर्न लंग, म्हणजे पेशंटला आत झोपवून बाहेरून छाती फुगवणारी लोखंडी पेटी, होती फक्त एक. पहिल्या ३१ पैकी २७ गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भुलीच्या डॉक्टरने सुचवलं की गळ्याला भोक पाडून नळी घाला आणि ऑपरेशनच्या वेळी दाबतो तशी रबरी पिशवी हाताने दाबत राहा. मशीन नव्हतंच, मग मेडिकलची पोरं बसवली, सुमारे दीड हजार, पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशवी दाबत. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून ४० च्या आसपास आलं. आजचा आयसीयू जन्माला आला तो असा. त्या पोरांच्या हाताचं काम आता मशीन करतं. ते औषध नाही, न्यूमोनिया बरा करत नाही, फुफ्फुसांना सावरायला वेळ मिळवून देतं बस.

पण पोलिओच्या पेशंटची फुफ्फुसं चांगली होती, लुळे पडले होते ते स्नायू. खरी अडचण पुढे आली. १९६७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, पेटी वगैरे डॉक्टरांनी १२ पेशंटचं वर्णन छापलं, कोणाला अपघात, कोणाला न्यूमोनिया, पण सगळ्यांच्या फुफ्फुसात पाणी झिरपलेलं आणि कितीही ऑक्सिजन द्या रक्तात चढतच नाही. यालाच आता एआरडीएस म्हणतात आणि काकांना तेच झालं होतं. आपल्या फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, केसभर जाडीच्याही शतांश पडद्याने हवा आणि रक्त वेगळे ठेवलेले. सूज आली की हे पडदे गळतात, कोशात पाणी भरतं, शिवाय आतला सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा थर, जो त्यांना मिटू देत नाही, तोही बिघडतो. काही कोश भरतात, काही मिटून चिकटतात, काही धड राहतात.

मग तेव्हाच्या डॉक्टरांनी काय केलं? तुम्ही-मी करू तेच. हवा चढत नाही ना, जोरात मारा! किलोमागे १० ते १५ मिली हवा दर श्वासाला देणं तेव्हा नेहमीचं होतं. आपण आरामात श्वास घेतो तो साधारण अर्धा लिटर, म्हणजे किलोमागे ६-७ मिली.

यात काय चूक होती ते कळायला सीटी स्कॅन यावा लागला. साध्या एक्स-रेत ही फुफ्फुसं सगळीकडून पांढरी दिसतात, त्यामुळे वाटायचं की आजार सगळीकडे सारखा पसरलाय. १९८० च्या दशकात इटलीत लुचियानो गातिनोनी यांनी अशा पेशंटचे आडवे काप बघितले तर चित्र वेगळंच. उताण्या पेशंटच्या पाठीकडचा भाग गच्च भरलेला, छातीकडचा बराचसा मोकळा, आणि हा मोकळा भाग किती, तर पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढा. त्याला नावच पडलं बेबी लंग. आता विचार करा, मोठ्या माणसाच्या मापाची हवा आपण ढकलतोय आणि ती जातेय सगळी त्या बाळाच्या फुफ्फुसात, कारण हवा जिथे वाट सोपी तिथेच जाणार. सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अर्धी दुकानं बंद असली की गर्दी कमी होत नाही भिया, उघड्या तीन ठेल्यांवर तुटून पडते आणि त्या ठेल्यांचे टेबल मोडतात.

इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो, थोडं फिजिक्स आहे, सांभाळून घ्या. आयसीयूत दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी यांनी उंदरांना ४५ सेंटीमीटर दाबाने हवा दिली, तासाभरात त्यांची फुफ्फुसं पाण्याने भरली, चांगली फुफ्फुसं, आजार काही नसताना. म्हणजे दाब वाईट? पण लग्नाच्या वरातीत तो ट्रम्पेटवाला असतो ना, वाजवताना त्याच्या श्वासनलिकेत १५० सेंटीमीटरपर्यंत दाब जातो, आणि तो रात्री घरी जाऊन आरामात झोपतो. का? तर १९८८ मध्ये ड्रेफस यांच्या फ्रेंच गटाने उंदरांच्या छातीला पट्टे आवळून जास्त दाब दिला, छाती फुगलीच नाही, आणि फुफ्फुसाला काही झालं नाही. उलट दुसऱ्या उंदरांना बाहेरून ओढून, आत जास्त दाब न देता खूप फुगवलं, तर फुफ्फुस खराब. म्हणजे दोषी आहे ताण, आणि तो ठरतो आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकावर. ट्रम्पेटवाल्याची छाती बाहेरून तेवढीच आवळलेली असते म्हणून आतल्या भिंतीला फरक जाणवतच नाही. फुग्याला हातात घट्ट धरून फुंकून बघा.

आणखी एक पायरी. मिटलेला कोश आणि उघडा कोश शेजारी असले तर त्यांची भिंत सामाईक, एक ताणला जातोय आणि दुसरा जागचा हलत नाही, त्या शिवणीवर ताण एकवटतो. मीड आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये याचं गणित मांडलं होतं, सरासरी दाबातला फरक ३० असला तरी त्या शिवणीवर १४० पर्यंत जाऊ शकतो. शिवाय मिटलेला कोश दर श्वासाला उघडायचा, मिटायचा, मिनिटाला वीसदा. पेशी फाटतात, त्यातून सुजेची रसायनं रक्तात उतरतात, किडनी, लिव्हर एकेक करून बसायला लागतात, कारण एआरडीएसमध्ये माणूस बऱ्याचदा ऑक्सिजनअभावी नाही तर असे अवयव बंद पडून जातो. म्हणून दोन श्वासांच्या मध्येही थोडा दाब शिल्लक ठेवतात, कोश पूर्ण मिटू नयेत म्हणून. (इथपर्यंत वाचणाऱ्याला माझ्याकडून एक प्लेट कचोरी. माझ्या बॅचमधली अर्धी पोरं इथे जांभया देतात.)

हे सगळं उंदरांवर. माणसावर पक्कं उत्तर आलं २००० साली, अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कच्या ट्रायलमधून. ८६१ पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, एकाला किलोमागे १२ मिली, दुसऱ्याला ६. बाराच्या गटात ३९.८ टक्के गेले, सहाच्या गटात ३१. फरक इतका ठळक की ट्रायल ठरल्याआधीच थांबवली. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, नुसतं एक बटण खाली फिरवायचं. आणि हे किलो वजनकाट्यावरचे नाहीत बरं का, उंचीवरून काढतात, कारण जलेबी खाऊन पोट वाढतं, फुफ्फुस वाढत नाही. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले, सेंटीमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा. काकांचं बसून काढलं, १६५ सेंटीमीटरला येतात साडेएकसष्ट किलो, म्हणजे एका श्वासाला साधारण ३७० मिली. जुन्या पद्धतीने काट्यावरचे ८८ धरून बाराने गुणलं असतं तर एक लिटरच्या वर!

आता खरा धक्का. त्या ट्रायलमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातला ऑक्सिजन कोणाचा चांगला होता? १२ मिलीवाल्यांचा. ज्यांचा आकडा छान तेच जास्त मेले. मला हे वाचून पहाटे तीन वाजता झोप उडाली, कारण आम्ही सगळे नातेवाईक दिवसभर काचेतून तोच आकडा बघत होतो, ९१ झाले, ९३ झाले, माझा मावसभाऊ तर नर्सला विचारून आला की १०० का नाही करत, मशीन खराब आहे का. त्या ट्रायलमध्ये लक्ष्यच ८८ ते ९५ होतं. मुद्दाम. शंभरासाठी फुफ्फुस फाडायचं नाही.

मग पालथं का? पाण्याने जड झालेलं फुफ्फुस म्हणजे ओल्या गाद्यांची थप्पी समजा, पावसात भिजलेल्या. सगळ्यात खालची पार चेपलेली. माणूस उताणा असला की खाली असते पाठीकडची बाजू, तिच्यावर वरच्या फुफ्फुसाचं वजन, शिवाय हृदयाचं, शिवाय मागून पोट ढकलतंय ते वेगळं. आणि नेमका फुफ्फुसाचा मोठा वाटा पाठीकडेच आहे, छातीकडे निमुळता होत जातो. मोठा भाग खाली आणि चेपलेला, असा हा तोट्याचा सौदा. पालथं केलं की निमुळता भाग खाली जातो, हृदय पुढच्या हाडावर टेकतं, पाठीकडचे मिटलेले कोश हळूहळू उघडतात. आणि रक्त? वाटेल की तेही वजनाने खाली वाहील, पण रक्त दोन्ही अवस्थांत बरंचसं पाठीकडेच जातं. म्हणजे रक्त आधीपासून तिथे वाट बघत बसलेलं असतं, हवाच पोचत नव्हती. शिवाय हवा सगळीकडे जास्त सारखी वाटली जाते, तो बेबी लंग थोडा मोठा होतो, शिवणीवरचा ताण उतरतो. सुचलं होतं हे १९७० च्या दशकातच.

तरी सिद्ध व्हायला किती वर्षं लागली बघा. २००१ मध्ये गातिनोनींच्याच ट्रायलमध्ये, ३०४ पेशंट, दिवसाला सहा-सात तास पालथे, ऑक्सिजन सुधारला पण जीव काही जास्त वाचले नाहीत. इथेच सोडून दिलं असतं. मग फ्रान्समध्ये क्लोद गेरँ यांच्या गटाने जास्त गंभीर पेशंट घेतले, हवा कमी मापाची, आणि एका दमात किमान १६ तास पालथं. २०१३ ला निकाल आला, ४६६ पेशंट, २८ दिवसांत मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर. निम्मे! आणि परत तोच प्रकार, नंतर आकडे तपासले तर पालथं केल्यावर ज्यांचा ऑक्सिजन फारसा वाढला नाही त्यांनाही फायदा झालेला. ऑक्सिजन वाढणं हा बोनस आहे, खरं काम ताण कमी होण्याचं.

आणि फुकटचं आहे म्हणून सोपं समजू नका. चार-पाच जण लागतात, एक जण नुसता डोक्याशी नळी धरून, ती निसटली तर मिनिटांचा खेळ. तोंडावर, छातीवर जखमा होतात, दर थोड्या वेळाने मान फिरवावी लागते.

कोविडमध्ये याच्या उलटं बघितलंय आपण. प्लाझ्मा, प्लाझ्मा म्हणून रात्री-बेरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, लोक वणवण फिरत होते. आणि आयसीएमआरने आपल्याच देशात ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर ट्रायल करून २०२० मध्येच छापलं होतं की फायदा दिसत नाही, तरी गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला. त्याच वेळी डेक्सामेथासोन, जुनं, स्वस्त स्टेरॉइड, त्याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणले, पण त्यासाठी कोणी मेसेज फॉरवर्ड केलेला मला आठवत नाही. दहा रुपयांच्या औषधासाठी धावाधाव केली असं सांगण्यात मजा नसते बहुतेक.

काका पाच दिवस असे सोळा-सोळा तास पालथे होते, एकोणिसाव्या दिवशी घरी आले, गालावर उशीचा एक काळा डाग घेऊन. काकू खजरान्याला जाऊन सरळ स्वस्तिक काढून आली, मी काही बोललो नाही, नेऊन सोडलं स्कूटरवर. संध्याकाळी काकांना सगळं चित्र काढून समजावलं, गाद्या, ठेले, ट्रम्पेट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"म्हणजे मला एका वेळी किती देत होते?"

"तीनशे सत्तर मिली."

"एवढंच? अरे, सराफ्यात मी शिकंजी त्याहून जास्त पितो."