ट्रिक-ऑर-ट्रीट

हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, संध्याकाळी सोंगे घेतलेल्या मुलांनी घरोघरी जाऊन खाऊ मागण्याची आणि घरच्यांनी दार उघडून तो देण्याची प्रथा. ती मुख्यतः अमेरिका व कॅनडात रूढ असून ब्रिटन आणि आयर्लंडमध्येही पाळली जाते. दार उघडताच मुले ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असे ओरडतात. खाऊ द्या, नाही तर खोडी काढू, असा त्याचा रोख असतो. ही धमकी आता नावापुरतीच उरली आहे. या प्रथेविषयीच्या लेखनात बहुधा मुलांच्या पोशाखांचेच वर्णन येते. परंतु ती टिकून आहे ती दाराच्या आतल्या माणसामुळे, कारण ओळखीच्या आणि अनोळखी मुलांना रात्र पडेपर्यंत सारख्याच आपुलकीने सामोरे जाण्याचे काम त्याच्याकडे असते.

ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा, तर २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मानला जातो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या सुमारास गोरगरीब दारोदार जाऊन त्या त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात ‘सोल केक’ नावाचे लहान गोड केक घेत. स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये वेष पालटून फिरणाऱ्या मुलांना एखादे गाणे, कविता किंवा विनोद सादर केल्यावर सफरचंद, सुका मेवा किंवा नाणी मिळत. कोकणात शिमग्याला घरोघर फिरणारी सोंगे पाहिलेल्या वाचकाला यातला खेळ आणि मागणे यांचा मेळ सहज ओळखू येईल. स्थलांतरितांबरोबर या चाली उत्तर अमेरिकेत पोहोचल्या. तेथे मात्र कुंपणाची फाटके पळवणे, खिडक्यांना साबण फासणे अशा खोड्यांना जोर आला आणि अनेक गावे त्याने त्रस्त झाली. पोरांना खाऊ देऊन खोड्यांपासून परावृत्त करण्याचा मार्ग त्यातून पुढे आला. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील ब्लॅकी या गावाहून आलेल्या १९२७ सालच्या एका बातमीत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द दारावरची मागणी म्हणून नोंदलेले आहेत. आयोवा राज्यातील डे मॉइन शहराने १९३८ मध्ये उपद्रव आवरण्यासाठीच ३० ऑक्टोबरच्या ‘बेगर्स नाइट’ची, म्हणजे खाऊ मागत फिरण्याच्या रात्रीची, चाल सुरू केली, तेथे मुलाने आधी विनोद सांगायचा आणि मगच खाऊ घ्यायचा, असा रिवाज आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे अमेरिकेत १९४२ ते १९४७ या काळात साखरेचे रेशनिंग होते. ते उठल्यावर आणि शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहिल्यावर ही प्रथा देशभर पसरली. १९५० मध्ये फिलाडेल्फियातील मुलांनी खाऊबरोबर युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या बालकल्याण संस्थेसाठी सुटे पैसे गोळा करण्यास आरंभ केला.

दारावरच्या व्यवहाराला काही अलिखित संकेत आहेत. दारावरचा दिवा लावलेला असला, की या घरी यावे. तो बंद असला, की बेल न वाजवता पुढे जावे. जे या प्रथेत सहभागी होत नाहीत त्यांना कोणतेही कारण द्यावे लागत नाही, आणि हा या व्यवस्थेचा सर्वांत समंजस भाग म्हटला पाहिजे. ब्रिटनमध्ये पोलीस दारावर चिकटवण्यासाठी ‘कृपया येऊ नये’ अशा आशयाची पत्रके उपलब्ध करून देतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्यांचा आधार वाटतो. साधारणपणे अंधार पडण्याच्या सुमारास आईवडिलांचे बोट धरलेली लहान मुले येतात आणि त्यांच्यामागून मोठ्या मुलांचे घोळके. लहान आकाराची, वेष्टनातली चॉकलेटे टोपल्यात ठेवून प्रत्येकाला एकदोन दिली जातात.

टोपले दाराबाहेर ठेवून ‘एकच घ्या’ अशी चिठ्ठी लावण्याचीही पद्धत आहे. तिचे काय होते, याचा अंदाज मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिअ‍ॅटलमधील प्रयोगावरून येतो. सत्तावीस घरांत तेराशेहून अधिक मुलांचे निरीक्षण करण्यात आले. यजमान स्त्री मुलांना एकेकच गोळी घेण्यास सांगून आत निघून जाई. शेजारीच सुट्या नाण्यांचे भांडे असे आणि आडोशामागून निरीक्षक पाहत असे. काही मुलांना आधी नाव-पत्ता विचारला जाई, काहींना नाही. नाव सांगून एकट्याने आलेल्यांपैकी दहांत एकाहूनही कमी मुलांनी जास्तीचे उचलले, तर घोळक्यातल्या निनावी मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी हात मारला. मुलाला नावाने विचारणारे माणूस दारात उभे असणे किती उपयोगी पडते, हे यातून दिसते.

किती वयापर्यंत मुलांनी यावे, हा वादाचा विषय आहे. व्हर्जिनियातील चेसापीक शहराने बारा वर्षांची मर्यादा घालणारा नियम केला होता. २०१९ मध्ये ती चौदा करून तुरुंगवासाची तरतूद काढण्यात आली. सोंग घेऊन, सभ्यपणे दारी आलेल्या थोराड मुलाला परत पाठवण्याचे मात्र काही कारण दिसत नाही. तसेच स्वमग्न किंवा बोलू न शकणाऱ्या मुलाने ठरलेले शब्द उच्चारले नाहीत, तरी त्याच्या हातावर खाऊ ठेवावा. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी टेनेसीमध्ये सुरू झालेला आणि २०१४ पासून अमेरिकेत देशव्यापी झालेला उपक्रमही उल्लेखनीय आहे : दाराशी हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवला, की या घरी पेन्सिली, स्टिकर, खेळणी अशा न खाण्याच्या भेटीही मिळतील, असा त्याचा अर्थ होतो.

अनोळखी लोक खाऊत विष किंवा ब्लेड घालतात, या भीतीने १९७० नंतर ही प्रथा झाकोळली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्यांचा दीर्घकाळ माग घेतला. अनोळखी घरच्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही सिद्ध घटना त्यांना आढळली नाही. १९७४ मध्ये टेक्ससमध्ये सायनाइडने मेलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ते त्याच्या बापानेच विम्याच्या पैशांसाठी दिले होते. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात औषधाच्या कॅप्सूलमधील सायनाइडने सात माणसे मेली आणि त्या वर्षी धास्ती आणखी वाढली. परिणामी घरी केलेले पदार्थ या प्रथेतून जवळपास हद्दपार झाले. खरा धोका रस्त्यावर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ४२ वर्षांच्या अपघातनोंदींवरील अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या संध्याकाळींच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून अंगणातली वाट मोकळी ठेवणे, पायऱ्यांवर उजेड ठेवणे आणि गाडी हळू चालवणे, ही घरच्यांची पहिली जबाबदारी ठरते.

अमेरिकेतील मराठी घरांत हा सण बऱ्याचदा दिवाळीला लागून येतो. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा वर्षी दारातल्या रांगोळीशेजारीच चॉकलेटांचे टोपले येते. मुलांचे पोशाख लांब आणि चटकन पेटणारे असल्याने उंबऱ्यावरच्या पणत्या त्या संध्याकाळी बाजूला, उंचावर ठेवाव्या लागतात किंवा विजेच्या लावाव्या लागतात. शाकाहारी कुटुंबांत मुले परतल्यावर पिशवी जमिनीवर रिकामी करून प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असलेल्या गोळ्या वेष्टनावरचा मजकूर वाचून वेगळ्या काढल्या जातात.