नेच्याचं वेटोळं आणि कारल्याचा तणावा

पावसाळ्यात सिंहगड चढताना ओल्या दगडांच्या फटींतून नेच्यांचे कोवळे कोंब डोकं गुंडाळून वर आलेले दिसतात. कोथरूडच्या एखाद्या गॅलरीत ग्रिल धरून बसलेल्या कारल्याच्या वेलालाही वेटोळी असतात. दोन्हींना 'सर्पिल' म्हणून आपण मोकळे होतो. वनस्पतिशास्त्रात मात्र 'सर्सिनेट' म्हणतात ते नेच्याच्या गुंडाळीला.

लॅटिनमध्ये 'सर्किनुस' म्हणजे वर्तुळं काढायचा कंपास. नाव चपखल आहे, कारण ही गुंडाळी सपाट असते, कागदावर जशीच्या तशी काढता येईल अशी. शेंडा अगदी मधोमध. कोवळ्या पानाची पाठीकडची बाजू आधी भरभर वाढते म्हणून पान आत वळतं. मग पोटाकडची बाजू ती तूट भरून काढते आणि पान बुंध्याकडून उलगडत जातं. नाजूक शेंडा उघड्यावर येतो तो सगळ्यांत शेवटी. बंगल्यांच्या अंगणातल्या सायकसच्या कोवळ्या पर्णिका बघा, किंवा कास पठारावर गेलात तर गवती दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची पानं. तिथेही हीच तऱ्हा.

कारल्याचा तणावा, म्हणजे आधार धरायला वेल काढतो तो दोऱ्यासारखा अवयव, उलट्या वाटेने जातो. तो आधी सरळ लांबतो, हवेत चाचपडतो, ग्रिलचा गज लागला की टोकाने त्याला विळखा घालतो. त्यानंतर मधला भाग स्प्रिंगसारखा पिळत जातो आणि वेल गजाकडे ओढला जातो. खरी गंमत पुढे आहे. दोन्ही टोकं अडकलेली, त्यामुळे सगळे पीळ एकाच दिशेने पडूच शकत नाहीत. नीट पाहिलं तर अर्धे पीळ उजवे, अर्धे डावे, आणि मध्ये एक छोटा सरळ तुकडा. जुन्या लँडलाइनच्या वायरीत असा उलटा पीळ हमखास पडायचा. चार्ल्स डार्विनने 1865 साली वेलींवरच्या निबंधात याचं कारण सांगितलं होतं. पुढे 2012 मध्ये काकडीच्या तणाव्यात तंतूंची एक बारीक पट्टी असल्याचं दाखवलं गेलं; तिची एक बाजू जास्त आक्रसते, म्हणून पीळ पडतो.

नेच्यात हा उलटा पीळ कधीच सापडणार नाही. भोपळ्याच्या वेलावर मात्र फसायला होतं: त्याचा अगदी कोवळा तणावाही शेंड्याजवळ सपाट गुंडाळलेला असतो. अशा वेळी थोडे दिवस जाऊ द्यावेत. गुंडाळी सुटून त्याने काठी धरली की पुन्हा बघा, उलटा पीळ दिसेल.