बंगाली पोरं वाचतात आणि मराठी पोरं फक्त गाईड?

साहित्यात एमए करणाऱ्यांबद्दल हे कित्येक वर्षं फिरतंय, की बंगालमधला बांगलाचा विद्यार्थी ढीगभर वाचतो आणि आपला मराठीवाला गाईडवर पास होतो. पुरावा काय, तर कोलकाता पुस्तक मेळा आणि तिथला पुस्तकांचा बाजार, कॉलेज स्ट्रीट. अहो पण १९७६ पासूनचा तो मेळा अख्ख्या शहराचा आहे, तिथे आजी-आजोबा, शाळेतली पोरं, नुसतं फिरायला आणि खायला आलेले सगळेच असतात, त्या गर्दीवरून एमएचा वर्ग काय वाचतो ते कसं कळणार? आणि कॉलेज स्ट्रीटचा फुटपाथ नीट बघा, कादंबऱ्यांच्या शेजारीच नोट्स, 'सजेशन' (परीक्षेत येतील अशा प्रश्नांच्या पुस्तिका) आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं रचलेली असतात, म्हणजे आपला पुण्याचा अप्पा बळवंत चौकच की!

नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, दोघांनाही द्यायची असते. २०१२ पासून तिचे सगळे पेपर ऑब्जेक्टिव्ह, तिथे लेखक-साल-पात्रांच्या जोड्या पाठ लागतात, कादंबरी आवडली की नाही हे कोण विचारतंय. मग गाईड दोन्हीकडे खपणारच ना.

शिवाय ही तुलना करणारे एक विसरतात, मराठी माणूस बंगाली साहित्य भरपूर वाचत आलाय. शरदबाबूंना, म्हणजे 'देवदास'वाल्या शरच्चंद्र चट्टोपाध्यायांना, मामा वरेरकरांनी मराठीत आणलं. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमात आडनावच बदललं त्यांनी. आता बांगलावाल्याला दोन मराठी कादंबऱ्यांची नावं विचारून बघा बरं.